इटेनचे हळू किलोमीटर

शनिवार : कळसूबाईच्याही वर

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सहा तास, तिथून एल्डोरेट तासाभरात आणि मग गाडीने चढणीचे 35 किलोमीटर. सगळं वेळेवर झालं, त्यामुळे प्रवासावर जास्त लिहीत नाही.

इटेन हे पश्चिम केनियातल्या एल्गेयो-माराक्वेत काउंटीतलं लहान गाव. उंची सुमारे 2400 मीटर. आपलं कळसूबाई 1646 मीटरवर संपतं. त्याच्याही साडेसातशे मीटर वर हे लोक राहतात, गुरं राखतात, शाळेत जातात आणि धावतात. गावात शिरताना रस्त्यावर कमान लागते, तिच्यावर ‘होम ऑफ चॅम्पियन्स’ असं लिहिलंय. कमानीखालून आमची गाडी जात होती, तेवढ्यात समोरून सहा-सात जणांचा घोळका धावत आला. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि त्यांचं त्या दिवसातलं हे शेवटचं धावणं होतं. इतके जण अगदी जवळून गेले, पण पावलांचा आवाज जवळजवळ आलाच नाही.

आम्ही सातारा, पुणे आणि नाशिकचे धावणारे. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जूनमधली कॉम्रेड्स, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांमधली 90 किलोमीटरच्या आसपासची शर्यत. इटेनमधल्या सराव कॅम्पमध्ये रोज दोनदा धावायचं, आठवड्याची बेरीज शंभर किलोमीटरच्या पुढे न्यायची आणि जमेल तेव्हा स्थानिक गटांत सामील व्हायचं, असं ठरलं होतं. मी हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या थोडं आत संपवते. इथे ज्या मुलींबरोबर धावायचं होतं त्या तेच अंतर सव्वा तासात संपवतात. इतका फरक असलेल्या लोकांनी एकत्र सराव करायचा तर तो कसा, हे मला बघायचं होतं. इटेनमध्ये त्याचं उत्तर रोज नव्या रूपात मिळालं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

खोलीवर सामान नेताना एक जिना चढले आणि थांबून श्वास घ्यावा लागला. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण इथेही 21 टक्केच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण चतुर्थांशाने कमी. त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती येतं ते कमी. आमच्या स्थानिक प्रशिक्षकांनी जेवणाच्या टेबलावरच सांगितलं, “पहिले काही दिवस घड्याळ खोलीत ठेवा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत नसेल तर तुम्ही जोरात धावताय असं समजा.”

जाणाऱ्यांसाठी : निघायच्या दोन-तीन महिने आधी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, बायकांनी आणि शाकाहारी मंडळींनी तर नक्कीच. उंचीवर शरीर जास्त तांबड्या पेशी बनवायला घेतं आणि त्याला लोह लागतं. साठाच रिकामा असेल तर उंचीचा उपयोग होत नाही, नुसता थकवा येतो. आणखी एक, रक्तातला खरा बदल दिसायला तीन-चार आठवडे लागतात. कमी सुट्टी असेल तर रक्तासाठी जाऊ नका, माणसांसाठी जा.

रविवार : घंटा आणि झाडं

रविवारी इटेन धावत नाही. रस्त्यावर इस्त्रीचे कपडे घातलेली कुटुंबं, हातात बायबल आणि चारी बाजूंनी चर्चमधली गाणी. आठवडाभर 160 ते 200 किलोमीटर धावणारी माणसं या दिवशी बुटांना हात लावत नाहीत. आमच्यातला पुण्याचा एक मित्र सकाळी सवयीने बाहेर पडला, तर फाटकावरच्या वॉचमननेच त्याला विचारलं, “आज? कशाला?”

दुपारी परवानगी घेऊन सेंट पॅट्रिक्स हायस्कूल बघितलं. 1976 साली ब्रदर कोल्म ओकॉनेल नावाचे आयरिश धर्मबंधू या शाळेत भूगोल शिकवायला आले. धावण्याचं कुठलंही औपचारिक प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. मुलांकडे बघत बघत ते शिकले. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरचं सुवर्ण जिंकणारा पीटर रोनो इथलाच. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या डेव्हिड रुडिशाने 2012 मध्ये लंडनला 800 मीटर 1 मिनिट 40.91 सेकंदांत पार केले. शाळेच्या आवारात विजेत्यांच्या नावाने झाडं लावलेली आहेत. एकेका झाडाखाली उभं राहून नाव वाचताना मला पदकांपेक्षा आवार जास्त भावलं : साध्या इमारती, गवत, आणि वाळत घातलेले गणवेश. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही रयतच्या शाळेत यापेक्षा फार कमी काही नसतं. असतो तो फरक एका जागी ठाण मांडून चाळीस-पन्नास वर्षं मुलांकडे बघणाऱ्या माणसाचा.

संध्याकाळी गावाच्या कडेला गेलो. जमीन अचानक संपते आणि खाली केरिओ खोरं पसरलेलं दिसतं, हजारभर मीटर खोल. कोरड्या ऋतूत इथून पॅराग्लायडर उडतात. आम्ही बघत असताना एक जण आमच्या पायाखालच्या उंचीवर घिरट्या घालत होता.

सोमवार : सहा वाजता, अंधारात

विषुववृत्त अगदी जवळ असल्याने वर्षभर सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो. सहाला अंधारच असतो, आणि थंडी 10-12 अंशांची. चौकात टोप्या आणि जाकिटं घातलेली माणसं जमतात, कुणी फारसं बोलत नाही. माझ्याबरोबर पेसर म्हणून, म्हणजे वेग सांभाळत सोबत धावायला, दिलेली मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची, हाफ मॅरेथॉन 74 मिनिटांत धावणारी. तिने हात मिळवला आणि म्हणाली, “आज आपण सगळ्यांबरोबर निघू.” मला वाटलं, शंभर मीटरनंतर एकटीच राहीन.

घोळका निघाला आणि मी त्याच्या मधोमध होते. पहिला किलोमीटर सात मिनिटांच्या वर गेला. माझ्या डावीकडे एक उंच मुलगा होता, पेसरने हळूच सांगितलं की तो मॅरेथॉन 2 तास 8 मिनिटांत धावतो. तो पाय घासत, हात सैल सोडून, जणू अजून झोपेतच असल्यासारखा चालला होता. दुसरा किलोमीटर साडेसहाचा. तिसऱ्याला कुणीही इशारा न देता सगळ्यांची पावलं किंचित लांब झाली. लाल मातीच्या रस्त्यावर अजून नीट उजाडलं नव्हतं, दिसत होतं ते फक्त पुढच्याच्या बुटांवरचं चकाकणारं पट्टं. चौथ्या किलोमीटरनंतर एका फाट्यावर माझी पेसर म्हणाली, “आता त्यांना जाऊ दे,” आणि आम्ही डावीकडे वळलो. ते सरळ गेले. शेवटचे किलोमीटर ते चारच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला चार मिनिटांनी, किंवा त्याच्याही आत धावून आले असतील. आम्ही आमचे बारा किलोमीटर बोलत बोलत संपवले.

हा चार किलोमीटरचा एकत्र तुकडा मी पुन्हा पुन्हा आठवते. आपल्याकडे सोमवारच्या सोप्या धावण्यातही पहिल्याच किलोमीटरला साडेपाचचा पेस दिसला नाही तर लोकांना चुकल्यासारखं होतं. इथे ज्यांना तीनच्या पेसने तासभर धावता येतं त्यांना सातने सुरुवात करताना काहीच वाटत नाही. त्यांच्या आठवड्यातले बहुतेक किलोमीटर असेच सोपे असतात. इतके सोपे असतात म्हणूनच ते इतके जास्त धावू शकतात. पेसरला मी विचारलं की इतकं हळू का. ती म्हणाली, “सकाळी शरीराला विचारायचं, सांगायचं नाही.”

दहा वाजता पुन्हा पाच-सहा किलोमीटर, त्याहूनही हळू. स्थानिक मुलं चार वाजता तिसऱ्यांदा निघाली. आम्ही त्या वेळी पाय भिंतीला लावून पडलो होतो.

मंगळवार : तांबाखची माती

मंगळवार ट्रॅकचा. इटेनचं जुनं कामारिनी मैदान नूतनीकरणात अडकल्यापासून पुष्कळ गट कड्याच्या खाली तांबाखला, तिथल्या शिक्षक महाविद्यालयाच्या मैदानावर जातात. मातीचा ट्रॅक, आतल्या रेघेजवळ पावलांनी खोल झालेला, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोऱ्याचं धूसर निळं. हे इटेनहून बरंच खाली आहे, तरी आम्हाला धाप लागायची ती लागलीच.

पुरुषांचा गट 1000 मीटरच्या आवर्तनांत होता, प्रत्येक तीन मिनिटांच्या आत. ते वळणावरून येताना आधी धूळ दिसते, मग श्वासांचा एकत्र आवाज येतो, आणि मग ते गेलेले असतात. हळू लोकांनी बाहेरच्या लेनमध्ये राहायचं, मागे बघायचं नाही, सरळ रेषेत धावायचं. वाट काढायचं काम मागून येणाऱ्याचं. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण शंभर जण एका ट्रॅकवर असूनही मी एकदाही धक्का लागलेला पाहिला नाही.

आमच्यात नाशिकची एक मुलगी आहे, राज्य पातळीवर 5000 मीटर धावणारी. ती आमच्या सगळ्यांत वेगवान, पण इथल्या मुलींपुढे तिचाही वेग कमी पडत होता. प्रशिक्षकांनी तिला सुचवलं : त्यांच्या गटातच राहा, पण एक आवर्तन धावायचं, एक सोडायचं. ज्या वेळी धावशील त्या वेळी शेवटपर्यंत त्यांच्या पाठीमागे. बाजूला उभं राहून पुढच्या हाकेची वाट बघताना तिचे डोळे त्या मुलींच्या खांद्यांवर होते. शेवटच्या आवर्तनानंतर धापा टाकत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ताई, घरी मी असलं एकटीने अर्धंसुद्धा करू शकले नसते. आणि त्यांचे खांदे बघितलेत का? शेवटपर्यंत वर गेले नाहीत.”

तिच्या गटातल्या मुलींनी तिला मधोमध घेतलं होतं. वाऱ्याच्या बाजूला त्या, आडोशाला ही. तिने मागितलं नव्हतं. त्यांनी आपसूक केलं.

बुधवार : चपाती, चहा आणि झोप

बुधवारचं धावणं सोपं होतं, त्यामुळे खाण्याबद्दल लिहिते.

मक्याच्या पिठाची उगाली हे इथलं मुख्य अन्न. उकडीपेक्षा घट्ट, वाफाळती, हाताने तोडून खायची. सोबत सुकुमा विकी म्हणजे कांदा-टोमॅटोत परतलेली केलसारखी हिरवी पालेभाजी. मका आणि राजमा एकत्र शिजवलेली गिथेरी, मुगाचं दाट कालवण, मॅनागूची जरा कडसर भाजी. शाकाहारी माणसाची इथे अजिबात आबाळ होत नाही. तेल-मसाला कमी, मीठ बेताचं. दोन दिवसांत आमच्या मंडळींनी आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचे डबे बाहेर आले, आणि कॅम्पच्या स्वयंपाकघरातल्या बाईंनी त्यातला एक आनंदाने ठेवून घेतला.

आणि चपाती. थोडी जाड, पदर सुटणारी, तेल लावून भाजलेली. 1896 ते 1901 या काळात ब्रिटिशांनी मोंबासाहून युगांडा रेल्वे घातली, तेव्हा हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त मजूर इथे आणले गेले. त्यातले हजारो इथेच वारले, पुष्कळसे परत गेले, काही राहिले. त्यांची चपाती आज केनियाच्या प्रत्येक घरात आहे. चहाही आपल्यासारखाच, दूध-पाणी-साखर-पत्ती एकत्र उकळलेला. लाँग रन संपल्यावर एक-एक धावपटू दोन-तीन मग रिकामे करतो.

दुपारी चौकातल्या चहाच्या टपरीवर एक स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायची शर्यत, धावणारा तरुण भेटला. भारत म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, “साबळे!” मग त्याने आमच्यापेक्षा बारकाईने गोष्ट सांगितली. 1998 पासून राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियाच नेत होता. 6 ऑगस्ट 2022 ला बर्मिंगहॅममध्ये अब्राहम किबिवोटने 8 मिनिटं 11.15 सेकंदांत सुवर्ण घेतलं आणि बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 8:11.20 ला दुसरा आला. पाच शतांश सेकंद. “आम्ही सगळे टीव्हीसमोर उभे राहिलो होतो,” तो म्हणाला, “शेवटच्या पन्नास मीटरमध्ये इथे कुणी श्वास घेतला नाही.” मांडवा कसं आहे, तिथे पाणी किती, पोरं शाळेत चालत जातात का, असं त्याने बरंच विचारलं. आमच्यातल्या आष्टीच्या सुनेने त्याला सगळं सांगितलं. अविनाशबद्दल इतक्या दूर इतक्या आदराने बोललेलं ऐकताना माझे डोळे भरून आले.

जेवणानंतर पूर्ण गाव झोपतं. इथल्या धावपटूंच्या दिवसाचा सगळ्यात मोठा भाग धावण्याचा नसतो, पडून राहण्याचा असतो. फोन बाजूला, पडदे ओढलेले, दीड-दोन तास. रात्री नऊला दिवे बंद. आपण नोकरी, घर, मुलं सांभाळून त्यांच्या किलोमीटरची नक्कल करायला जातो, पण त्यांची ही झोप आपल्या वेळापत्रकात नसते. ज्याला ती देता येत नाही त्याने तितके किलोमीटर धावू नयेत, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

चारच्या सुमाराला अवकाळी पाऊस आला. वीस मिनिटं गारांसकट. रस्त्याची धूळ बसली आणि लाल चिखल झाला.

जाणाऱ्यांसाठी : मार्च ते मे मोठ्या पावसाचे महिने, तेव्हा हे रस्ते निसरडे होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडा. बुटांच्या दोन जोड्या न्या, एक वाळत असते. सकाळसाठी टोपी आणि हातमोजे, दुपारसाठी सनस्क्रीन. हवा थंड वाटते म्हणून ऊन कमी आहे असं समजू नका. पाणी तहान नसतानाही पीत राहा, कोरड्या हवेत घाम कळत नाही.

गुरुवार : फार्टलेक

फार्टलेक म्हणजे न थांबता आळीपाळीने जोरात आणि सावकाश धावणं. यासाठीच इटेनला यावं. गुरुवारी सकाळी नऊला गावाबाहेरच्या एका फाट्यावर माणसं जमायला लागतात. आधी वीस, मग साठ, मग दीडशे-दोनशे. ऑलिंपिकला जाऊन आलेले आणि कालच खेड्यातून बूट उसने घेऊन आलेले, शेजारी शेजारी उभे. नाव नोंदवायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. एक जण उंचावर उभा राहून त्या दिवसाचा हिशेब सांगतो : दोन मिनिटं जोरात, एक मिनिट सोपं, इतक्या वेळा, अमुक वळणावर डावीकडे, गाड्यांकडे लक्ष ठेवा. मग छोटी प्रार्थना. मग दोनशे घड्याळं एकदम वाजतात.

पहिली दोन मिनिटं काय असतात ते सांगणं कठीण आहे. जमीन थरथरते. धुळीचा लाल ढग उठतो आणि त्याच्या आत पुढचे धावपटू नाहीसे होतात. आम्ही शेवटी. पण पुढची गोष्ट मला तिथेच उभ्या उभ्या कळली आणि अजून तिचा आनंद आहे : फार्टलेक अंतरावर चालत नाही, वेळेवर चालतो. पुढच्याची दोन मिनिटं आणि माझी दोन मिनिटं तितकीच लांब. तो त्यात साडेसहाशे-सातशे मीटर जातो, मी साडेतीनशे. पण घड्याळ वाजतं तेव्हा आम्ही दोघंही एकाच क्षणी सोडतो, एकाच क्षणी धापतो आणि एकाच क्षणी पुन्हा उचलतो. कुणी कुणासाठी थांबत नाही, कुणी कुणाला खेचत नाही, तरी सराव एकच. आवर्तनांच्या मध्यावर माझ्या पुढे-मागे कुणी नव्हतं, फक्त पेसर आणि मी. तरीही दूर पुढच्या टेकडीवर धूळ उठली की कळायचं, त्यांचंही ‘जोरात’ आत्ताच सुरू झालं.

शाळेतून परतणाऱ्या लहान मुलांनी “हाऊ आर यू, हाऊ आर यू” करत आमच्याबरोबर शेवटची दोन मिनिटं पूर्ण केली, दप्तरासकट.

संपल्यावर फाट्यावर थांबलो तर पुढचे गट अजून तिथेच होते. सगळे आळीपाळीने प्रत्येकाशी हात मिळवतात, शेवटच्याशीही. 2:08 वाल्या त्या उंच मुलाने माझा हात धरून विचारलं, “सगळी आवर्तनं केलीत?” मी हो म्हटलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्याकडे वळला. त्याने वेग विचारला नाही.

शुक्रवार : पेसरच्या घरी

सकाळी सोपे दहा किलोमीटर. नंतर पेसरने तिच्या खोलीवर चहाला बोलावलं. पत्र्याची लांबलचक चाळ, एकेक खोली एकेका धावपटूची. भिंतीवर स्पर्धेचे बिल्ले, खाली ओळीने बूट. तिने मुरसिक दिलं, दुधीच्या तुंब्यात आतून कोळसा चोळून आंबवलेलं दूध. राखाडी झाक असलेलं, आंबट, धुरकट वासाचं. जिंकून आलेल्या खेळाडूंचं एल्डोरेट विमानतळावर याच दुधाने स्वागत करतात.

बोलता बोलता किलोमीटरच्या आकड्यांचा विषय निघाला. 8 ऑक्टोबर 2023 ला शिकागोमध्ये 2 तास 35 सेकंदांत मॅरेथॉनचा विश्वविक्रम करणारा केल्विन किप्टम याच काउंटीतला. त्याचे प्रशिक्षक हकिझिमाना त्याचे आठवड्याचे 250 किलोमीटर आणि त्याहूनही जास्त सांगत. 11 फेब्रुवारी 2024 च्या रात्री दोघंही मोटार अपघातात गेले. केल्विन 24 वर्षांचा होता. “तो आकडा सगळ्यांना माहीत आहे,” पेसर म्हणाली, “तो लहानपणी गुरं राखताना धावपटूंच्या मागे अनवाणी पळायचा, ते किलोमीटर कुणी मोजले?”

मग तिने अ‍ॅग्नेस टिरोपचं नाव घेतलं. सप्टेंबर 2021 मध्ये अ‍ॅग्नेसने फक्त महिलांच्या शर्यतीत 10 किलोमीटर रस्त्यावर 30 मिनिटं 1 सेकंदाचा विश्वविक्रम केला. पुढच्याच महिन्यात इटेनमधल्या तिच्या घरात तिचा खून झाला. ती 25 वर्षांची होती. त्यानंतर तिच्या सोबतिणींनी ‘टिरोप्स एंजल्स’ ही संस्था उभी केली. छळ सोसणाऱ्या मुलींना ती आधार देते. धावून पैसे मिळवायला लागलेल्या मुलीच्या पैशांवर, जमिनीवर, फोनवर घरातला किंवा बाहेरचा पुरुष कसा हक्क सांगू लागतो, ते पेसरने शांतपणे सांगितलं. “म्हणून आम्ही पाच जणी शेजारी शेजारी खोल्या घेतल्या,” ती म्हणाली. सोमवारी अंधारात घोळक्याने निघणाऱ्या या मुलींच्या एकत्र असण्यात हेही आहे, ते मला या चहापर्यंत दिसलं नव्हतं. इटेनची फक्त विक्रमांची गोष्ट सांगणं मला यापुढे जमणार नाही.

जाणाऱ्यांसाठी : पेसरचे पैसे पहिल्याच दिवशी स्पष्ट ठरवा आणि तिच्याच हातात द्या. कॅम्पवाल्यांमार्फत दिलेत तर तिला किती मिळाले ते विचारा. निघताना तुमचे चांगल्या स्थितीतले बूट मागे ठेवणार असाल तर माप आधी विचारून घ्या. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घेतलं की एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याची सोय, सुरू करता येतं. टपरीवरच्या चहापासून मोटारसायकल टॅक्सीपर्यंत सगळं त्यावरच चालतं.

शनिवार : मोइबेन रस्ता

लाँग रन मोइबेनच्या रस्त्यावर. लाल, रुंद, चढ-उतारांचा कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना मक्याची कापून झालेली शेतं आणि मधूनच सायप्रसच्या रांगा. स्थानिक गट 38 किलोमीटर करणार होते, बहुतेक साडेतीनच्या आसपासच्या पेसने. आम्हाला 28 करायचे होते. प्रशिक्षकांनी आम्हाला पिकअपमधून दहा किलोमीटर पुढे सोडलं आणि त्यांच्या आधी सुरुवात करायला लावली. म्हणजे ते मागून येणार, आम्हाला गाठणार आणि पुढे जाणार. आठवडाभर आम्ही त्यांच्या पाठी बघत होतो. या दिवशी त्यांना येताना बघायचं होतं.

दुसऱ्या तासात ते आले. आधी पिकअपचा हॉर्न, मग मागे तोच श्वासांचा आवाज. बारा-तेरा जण, दोन रांगांत, कुणाच्याही चेहऱ्यावर ताण नाही. बाजूने जाताना एकाने माझ्या पाठीवर तळहात टेकवला आणि “पोले पोले” म्हणत गेला, सावकाश चल. त्यांच्या मागे महिलांचा गट, त्यात आमची नाशिकची मुलगी. 20 किलोमीटर ती त्यांच्याबरोबर होती, ठरल्याप्रमाणे तिथे थांबली आणि मग आमच्याकडे उलटी जॉग करत आली. उरलेले किलोमीटर आम्ही सगळे मिळून धावलो. शेवटच्या लांब चढावर मांड्या भरून आल्या होत्या आणि हवा पुरत नव्हती, तरी शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत होतं. पहिल्या रात्री टेबलावर सांगितलेली कसोटी 2400 मीटरवर, 25 किलोमीटर झाल्यावर पार पडली, याचा मला फार आनंद आहे.

पिकअपमध्ये उभ्या उभ्या चहा, उकडलेले रताळे आणि केळी. मग सगळे दाटीवाटीने बसून परत.

परत आल्यावर

भारतात परतताना केनियाहून येणाऱ्यांना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, ठरलेल्या सरकारी मान्यतेच्या केंद्रातच मिळते आणि वार ठरलेले असतात, म्हणून तिकिटाबरोबरच त्याची वेळ घ्या. केनियात शिरण्यासाठी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी आहे, ती आधीच काढावी लागते. घरी पोचल्यावर पहिला आठवडा वेग आपोआप वाढल्यासारखा वाटतो, तेव्हा मुद्दाम सोपं धावा.

साताऱ्यात आमच्या गटात पोलीस भरतीची तयारी करणारी विशी-बाविशीची पोरं आहेत आणि साठी उलटलेल्या दोन काकूही आहेत. आजवर पोरं पुढे निघून जायची आणि आम्ही वेगळे धावायचो. आता गुरुवारी यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी आम्ही सगळे एकाच वेळी सुरू करतो : दोन मिनिटं जोरात, एक मिनिट सोपं, शिट्टी एकाकडे. पोरं वळणापलीकडे जातात, काकू पहिल्या पुलापर्यंत, आणि संपल्यावर सगळ्यांनी सगळ्यांशी हात मिळवायचा असा नियम केला आहे. सकाळी साडेपाचला जमतो. कुणीही यावं, कुठल्याही वेगाने.